महात्म्याच्या नावाचा रस्ता

बडोदे ते अहमदाबाद या ९३ किलोमीटरच्या द्रुतगती मार्गाला नाव आहे महात्मा गांधींचे. गांधींना १८९३ मध्ये पीटरमॅरिट्झबर्गला पहिल्या वर्गाच्या डब्यातून खाली उतरवायला पोलीस शिपाई लागला होता. इथे दुचाकीवाल्याला रोखायला ‘दुचाकींना मनाई’ ही पाटीच पुरते.

कारण सुरक्षिततेचे, आणि ते खोटेही नाही. राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये सार्वजनिक रस्त्यांचा उल्लेख आहे खरा. पण तिथे मनाई आहे ती धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेद करायला. चाकांची संख्या बहुधा घटनासमितीच्या नजरेतून निसटली! मोटार वाहन कायद्याचे कलम ११५ तर वाहने रोखण्याचा अधिकारच सरकारला देते. तिकडे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने २०११ मध्ये, माणूस मोटरसायकलवर आहे एवढ्यावरून पोलिसांनी त्याला हटकू नये, असा कायदा केला.

बडोद्याच्या दांडिया बाजारातून निघालेला आपला स्वार मात्र आणंद-नडियादच्या जुन्या महामार्गाला लागतो. ट्रक, एसटी, ट्रॅक्टर आणि मधोमध रवंथ करणाऱ्या गाई, अशा भरवशाच्या सोबतीत त्याची सुरक्षितता सांभाळली जाते. शिवाय राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल माफ. एवढे लाड होत असताना भेदभावाची तक्रार करायची तरी कोणत्या तोंडाने?