दुर्मिळाचा सोस

कार्तिक लागला, की दौंड-शिरूर पट्ट्यात दोन जातींचे पाहुणे उतरू लागतात. पहिले सैबेरियातून, तिबेटातून, मध्य आशियातून येतात, तेही अंगावरच्या पिसांनिशी. दुसरे पुण्याहून येतात आणि हातभर लांबीची लेन्स, तिची तिकाटणी, मातकट रंगाची टोपी आणि डब्यातले पराठे घेतल्याशिवाय त्यांचं स्थलांतर सुरू होत नाही. पहिल्यांना चिखल, किडे आणि गवत एवढंच हवं असतं. दुसऱ्यांना हवा असतो दुर्मीळ पक्षी. तो मिळेपर्यंत पायाशी शेपटी नाचवत फिरणाऱ्या पांढऱ्या धोब्याकडे त्यांचं लक्ष जात नाही. तोही बिचारा हिमालय किंवा त्यापलीकडून आलेला असतो. पण दरवर्षी येतो, हा त्याचा गुन्हा. माझं म्हणणं असं, की सरत्या शरदात या दोन तालुक्यांत वहीत लिहून ठेवण्याजोगा पक्षी कोणता असेल, तर तो हाच.

पहिला पुरावा साक्षात रोहितचा, म्हणजे फ्लेमिंगोचा. नोव्हेंबरात भिगवणच्या वाटेला लागलेली प्रत्येक गाडी त्याचंच नाव घेत असते. पण रोहित चोच उलटी करून उथळ पाण्यातला गाळ गाळून खातो. भीमेवरचं उजनी धरण 1980 च्या सुमारास पुरं झालं आणि त्याचा फुगवटा भिगवणवरून दौंडच्या हद्दीपर्यंत येतो. पाऊस चांगला झाला असेल, तर दिवाळीत तो काठोकाठ असतो. शेतकरी त्या पाण्याकडे बघून खूश होतो. रोहितचे पाय कितीही लांब असले तरी धरणाच्या तळाला पुरण्याइतके नसतात. पाणी ओसरून दलदल उघडी पडेल तसा तो येतो, म्हणजे बहुधा हिवाळा चांगला मुरल्यावर. भर पाण्यात त्याला शोधायचं आणि ‘यंदा काही विशेष नाही’ म्हणत परतायचं, यात पक्ष्याची काही चूक दिसत नाही.

दुसरा मुद्दा हिशेबाचा. वाट चुकून आलेला एखादा पक्षी दिसला, तर तो वाट चुकला एवढंच कळतं. दौंड जंक्शनात चुकून उतरलेल्या प्रवाशावरून रेल्वेचं वेळापत्रक कोणी ठरवत नाही. 2023 साली ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ हा अहवाल आला. त्यात 942 जातींचा विचार आहे आणि त्यामागे तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी आहेत. त्यातल्या बहुतेक याद्यांत कावळे, साळुंक्या आणि बगळेच असणार. तरीही त्याच याद्यांतून उघड झालं, की नीलपंखासारखा तारांवर सर्रास दिसणारा पक्षी घटतो आहे. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात, तो उरलेल्या वर्षात मोजायचा असतो हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. या बाबतीत शिरूरकडचा ज्वारीवाला शेतकरी शहरी निरीक्षकाला शिकवू शकेल. भोरड्यांचा थवा केव्हा उतरला आणि किती मोठा होता, हे तो गोफण हातात घेऊनच सांगतो. ज्याचं कणीस जातं, त्याची मोजदाद पक्की असते.

यावर कोणी म्हणेल, दुर्मीळ पक्ष्यामुळेच माणसं घराबाहेर पडतात आणि भिगवणजवळच्या कुंभारगावच्या नावाड्याची चूल पेटते. कबूल. पण नावाड्याचा हंगाम एका अनोख्या पाहुण्यावर निघत नाही. तो चित्रबलाक, बदकं आणि राखी बगळ्यांच्या भरवशावर चालतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दुर्मीळ पक्षी दिसला, तरच सरकार एखादी जागा राखतं. हेही पुष्कळदा खरं. मात्र आपल्याकडे गवताळ माळ कागदोपत्री पडीक ठरतो, आणि पडीक जमिनीवर कारखान्यापासून वृक्षारोपणापर्यंत सगळ्यांचा डोळा असतो. अशा माळावर भोवत्या, म्हणजे हॅरियर, एकदा दिसला, तर साहेब ‘योगायोग’ म्हणून फाइल मिटतील. हिवाळ्यामागून हिवाळे भोवत्ये तिथल्या गवतात रात्री उतरतात, अशा तारीखवार नोंदी पुढे ठेवल्या, तर निदान दुसरी सबब शोधावी लागेल.

तिसरा आक्षेप असा, की रोज धोबी मोजणं कंटाळवाणं आहे. याला उत्तर नाही. ते कंटाळवाणं आहेच. पण राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांमधला आहे, आणि दोघांचंही आयुष्य अशा कंटाळ्याला न कंटाळण्यात गेलं. शिवाय खरी खळबळजनक बातमी शेवटी या कंटाळवाण्या वहीतूनच निघेल. एखाद्या कार्तिकात दौंडच्या नदीकाठी धोबी उतरलाच नाही, तर ते फक्त त्यालाच कळेल, ज्याने तो आलेल्या प्रत्येक वर्षी लिहून ठेवला होता. बाकीचे तेव्हाही रोहितच शोधत असतील.