वरच्या कोपऱ्यातली तीन टिंबं

जावयाला पूर्वी दोनच कामं असायची. अधिक महिन्यात धोंड्याचं जेवण जेवायचं आणि लग्नकार्यात मानपानावरून रुसून बसायचं. आता तिसरं मागं लागलंय: सासऱ्यांचा मोबाइल. मी शहापूरचा, बायकोचं माहेर मुरबाड तालुक्यात, धसईच्या बाजूला. नकाशात दोन्ही तालुके एकमेकांना खेटून आहेत, पण किन्हवली-सरळगाव करत तिकडे पोचेपर्यंत अर्धा दिवस जातो. त्यामुळे दुरुस्ती फोनवरूनच चालते.

"जावय, जेवलात का?" ही सुरुवात ठरलेली. मग एक श्वास. मग, "तो सातबारा गेला."

"कुठं गेला, मामा?"

"आत्ता इथं होता."

"बरं. स्क्रीनवर काय दिसतंय तुम्हाला?"

"फोन कानाला लावलाय मी. काय दिसणार?"

"स्पीकरवर टाका ना."

"ते कसं टाकायचं?"

"स्क्रीनवर बघा, खाली एक कर्ण्याचं चित्र असेल."

"अहो, पण फोन कानाला आहे!"

आमच्या नात्यात आवाज चढवायची सोय नाही. जावयाने सासऱ्याला ओरडायचं नसतं आणि सासऱ्याने जावयाला तर नाहीच नाही. म्हणून आम्ही दोघं पाऊणपाऊण तास अहो-जाहो करत भांडतो. मी म्हणतो, "वरच्या कोपऱ्यात तीन टिंबं असतील, ती दाबता का जरा?" ते म्हणतात, "टिंबं नाहीत हो, रेघा आहेत, महादेवाच्या गंधासारख्या." मग कळतं की ते भलत्याच ठिकाणी शिरलेत. सेटिंग्जचं दातेरी चाक त्यांच्या लेखी 'चरक' आहे. शेअरच्या खुणेला ते 'तीन मणी' म्हणतात आणि सेव्हच्या फ्लॉपीला 'ते चौकोनी काहीतरी'. फ्लॉपीच्या बाबतीत माझ्या मुलाचंही उत्तर हेच आहे, त्यामुळे तिथे मी मामांना काही बोलत नाही.

चित्रं सोपी, असं जगभर सांगितलं गेलं. 9 डिसेंबर 1968 ला डग्लस एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत माउस फिरवून दाखवला. 1973 ला झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत ऑल्टो हा खिडक्याखिडक्यांचा संगणक झाला, 1984 ला मॅकिंटॉश, 24 ऑगस्ट 1995 ला विंडोज 95. या थोर मंडळींपैकी कुणाला सासऱ्याला फोनवरून चित्र समजावून सांगायची वेळ आली होती की नाही, ते इतिहासात नमूद नाही. चित्र दाखवता येतं, सांगता येत नाही. काळ्या पडद्याच्या डॉसचं मात्र सगळं तोंडी चालायचं. "डी, आय, आर, एंटर." झालं काम. समोरचा आंधळ्या कोशिंबिरीतला गडी असला तरी चाललं असतं, फक्त कीबोर्ड हाताशी हवा.

नव्वदच्या दशकात शहापुरात आम्ही हेच शिकलो. क्लासच्या दारात चपला काढायच्या, कारण धुळीने संगणक आजारी पडतो अशी सरांची श्रद्धा होती. आत पंखा आमच्यासाठी आणि एसी त्याच्यासाठी. अक्षर चुकलं की पडद्यावर 'बॅड कमांड ऑर फाइल नेम' उमटायचं. फ्लॉपी घातलेली नसली की तो विचारायचा, 'अबॉर्ट, रिट्राय, फेल?' तिन्हींत आशेला जागा जवळपास नाहीच, तरी आम्ही दर वेळी रिट्राय दाबायचो. दहावीचा निकाल ताजा होता, 'फेल' आपल्या हाताने कोण दाबणार?

मग 2001 साली एमएस-सीआयटी आलं. मी तोवर एका क्लासात शिकवायला लागलो होतो आणि समोर विद्यार्थी म्हणून बसले होते निवृत्तीला टेकलेले गुरुजी. नोकरीसाठी सर्टिफिकेट हवं, म्हणून खर्डी-डोळखांबकडून एसटीने यायचे बिचारे. ज्या हाताने आयुष्यभर खडू धरला तो हात माउसवर ठेवला की थरथरायचा. बाण पडद्याच्या मधोमध आणि गुरुजी कळवळून म्हणायचे, "सर, टेबल संपलं!" माउस उचलून परत मागे ठेवता येतो, हे सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो विश्वास बसत नसल्याचा भाव यायचा, तो मी विसरणार नाही. शेवटी मी त्यांना सॉलिटेअर लावून दिलं. मायक्रोसॉफ्टने 1990 साली विंडोज 3.0 मध्ये पत्ते घातले ते माणसांना माउसने ओढणं-सोडणं सवयीचं व्हावं म्हणूनच. पत्ते खेळताना सापडलेल्या पोरांना वर्षानुवर्षं फोकाने फोडून काढणारे गुरुजी रांगेत बसून इस्पिकच्या राणीची वाट बघायला लागले.

ते गुरुजी चित्र शिकले का? माझ्या मते नाही. ते क्रम शिकले. 'डावीकडून दुसरं, मग खाली, मग मधलं.' मामांचंही तेच आहे. त्यांच्याकडे नातवाची उरलेली एकरेघी वही आहे आणि तिच्यात एकेका कामाला एकेक पान. सातबाऱ्याचं पान मी पाहिलंय: 'गोल चित्र. कोकण. ठाणे. मुरबाड. गाव खालून बघत यावं. गट नंबर. मोबाइल नंबर. वाकडी अक्षरं नीट बघून भरावी.' यातल्या कोकणावरून पहिल्यांदा मोठाच घोळ झाला होता. "आपण कोकणात कधी गेलो?" असं म्हणून मामांनी आधी पुणे दाबलं, मग नाशिक. मुरबाडच्या डोक्यावर माळशेज, घाट चढला की पुणे जिल्हा, मग त्यांचं काय चुकलं? महसुली विभाग कोकण आहे हे समजावताना समुद्र, नारळ, हापूस असं सगळं निघालं, आणि "आमच्याकडे भात पिकतो" यावर चर्चा थांबली.

तर ती वही म्हणजे चित्रांवरून मामांनी स्वतःच्या हाताने बनवलेली कमांड लाइन आहे. गंमत अशी की डॉसचं 'डीआयआर' 1981 पासून आजतागायत तसंच आहे. विंडोज 11 च्या काळ्या खिडकीत टाइप करा, मुकाट्याने यादी देतं. चित्रांचं मात्र बिऱ्हाड रात्रीत बदलतं. झोपताना खाली असलेलं बटण सकाळी वर गेलेलं असतं, निळं होतं ते जांभळं झालेलं असतं, आणि मामांची अख्खी पानं खोडावी लागतात. "यांना काम नसतं का हो?" असं ते विचारतात तेव्हा मला वाटतं, असतं ते हेच.

वहीत खाडाखोड नसलेली पानं दोनच. एकावर लिहिलंय *99#. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटा बंद झाल्या आणि 1 डिसेंबरला धसई हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं. दुकानादुकानात कार्ड घासायची यंत्रं आली, मंत्री आले, टीव्हीवाले आले. त्या धामधुमीत कुणीतरी मामांना हा आकडा सांगितला. साधा बटणांचा फोन, इंटरनेट नाही, चित्र नाही. आकडा फिरवायचा, बँकेची यादी येते, पाहिजे तो क्रमांक दाबायचा. दुसऱ्या पानावर वीज गेल्याचं महावितरणला एसएमएसने कळवण्याची रीत: नोपॉवर, मग जागा सोडून बारा आकडी ग्राहक क्रमांक. आमच्या क्लासातल्या सरांनी शिकवावी अशी शुद्ध कमांड. मामा ती अंधारात, चष्म्याशिवाय पाठवतात.

यावर सासूबाईंचं मत वेगळं आहे आणि ते ऐकल्याशिवाय पुढे जाणं बरं नव्हे. त्यांना अक्षरओळख नाही. कमांड लाइनचं राज्य टिकलं असतं तर इंग्रजी अक्षरांच्या त्या दारातून त्या कधीच आत आल्या नसत्या. आज त्या लेकीचा चेहरा बघतात, त्यावर बोट ठेवतात आणि शहापूरला आमच्या स्वयंपाकघरात हजर होतात, तेही नेमकी भाजी करपलेली असताना. मामांच्या वहीची त्यांना कीव येते. "डोळे दिलेत ना देवानं?" एवढंच म्हणतात.

आमच्या आसनगाव स्टेशनाकडे बघितलं की मात्र दोघंही हरतात असं वाटतं. तिकिटाचं टच स्क्रीन यंत्र आलं ते माणसाने आपलं आपण तिकीट काढावं म्हणून. अशा यंत्रांपाशी रेल्वेनेच सेवानिवृत्त माणसं मदतीला नेमली. आता रांग त्या काकांसमोर लागते. "दोन कल्याण, रिटर्न," असं काकांना सांगायचं, ते टपटप बोटं मारतात, तिकीट येतं. चित्र काकांसाठी, कमांड आपली.

परवा सासुरवाडीला गेलो तेव्हा मी लॅपटॉप घेऊनच गेलो. म्हटलं, मामांना एकदा मूळ वस्तू दाखवूच. पडवीत बसून काळी खिडकी उघडली, डीआयआर टाइप केलं, पांढऱ्या अक्षरांची यादी झरझर वर गेली. मामा चष्मा लावून पुढे झाले. एकेक कोपरा बोटाने तपासत गेले.

"यात फुली कुठाय?"

"कसली फुली, मामा?"

"जाहिरात घालवायची. आमच्यात आधी तो कर्जवाला येतो, मग लुडोवाली बाई."

"यात जाहिरात येतच नाही."

मामा मागे सरकून बसले. बराच वेळ त्या लुकलुकणाऱ्या रेघेकडे संशयाने बघत राहिले.

"मग याचं पोट कशावर चालतं?"