डिकीतला सिलिंडर

कोल्हापुरात नवी गाडी आधी जोतिबाला जाते, मग सीट कव्हरवाल्याकडं. म्युझिक सिस्टिमला वीस हजार मोजताना कुणी हूं की चूं करत नाही. आग विझवणाऱ्या एक किलोच्या एबीसी पावडरच्या सिलिंडरला मात्र ‘काय करायचंय त्यो?’ घेतलाच, तर डिकीत, वर तांदळाचं पोतं. आग लागणार बॉनेटखाली वायरिंगला, म्हणजे सिलिंडर ड्रायव्हरच्या सीटखाली हवा. आयएसआय मार्क, काटा हिरव्या पट्ट्यात, एवढं बघितलं तरी पुरे. बॉनेट सताड उघडायचं नाही, फटीतून मारायचं. पावडर काही सेकंदांत संपते. ८ ऑगस्ट २०२४ ला, गायक-नट केशवराव भोसल्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, त्यांच्याच नावाचं इथलं नाट्यगृह जळालं. अख्खं गाव हळहळलं. गाडीत मग काय वाढलं? लिंबाखाली एक जादा मिरची.