हे कोनं केलं?

नागपुरात घाट रोडला, स्पेअर पार्टच्या दुकानांच्या आडोशाला, एखादा मनुष्य गाडीच्या डॅशबोर्डाखाली उताणा शिरलेला हमखास दिसतो. डोकं पेडलपाशी, पाय रस्त्यावर. हे वायरिंगवाले मिस्त्री. गिऱ्हाइकं त्यांना चेहऱ्यापेक्षा चपलेवरून लवकर ओळखतात.

गाडी कुठलीही असो, त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "हे कोनं केलं?" आधीच्या मिस्त्रीचं काम त्यांना पटल्याचं आजवर कोणी ऐकलेलं नाही. कधीकधी आधीचे मिस्त्री तेच असतात. गिऱ्हाइकानं तसं सांगितलं तर म्हणतात, "तवा तार तशीच येत होती, भाऊ."

दुसरं खापर उन्हावर. २३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. इथल्या वायरींची आवरणं त्या दिवशी जी कडक झाली ती झालीच, असं त्यांचं ठाम मत. २०२० नंतर कारखान्यातून निघालेल्या गाडीलाही ते हेच कारण सांगतात.

परवाचे गिऱ्हाईक म्हणजे निवृत्त साहेब. उन्हाळाभर पुण्याला मुलाकडे, गाडी इथे झाकून. परतले तर स्टिअरिंग दगडासारखं जड आणि ईपीएसचा, म्हणजे विजेच्या मोटरवर हलकं होणाऱ्या स्टिअरिंगचा, दिवा पेटलेला. कुणीतरी स्कॅनर लावून 'मोटर बदला' असं सांगितलेलं. मिस्त्रींनी कान खाजवला. "स्कॅनर खोटं नाही बोलून राहिला. पन कुठं दुखते तेवढंच सांगते, काहून दुखते ते नाही सांगत."

मोटरच्या प्लगवर मीटर लावलं, १२ व्होल्ट. साहेब खूश. मिस्त्री मुळीच नाही. तारेचा एक धागा शिल्लक असला तरी मीटर बाराच दाखवतं. स्टिअरिंगच्या मोटरला मात्र कितीतरी अँपिअर लागतात, ते एका धाग्यातून कुठून येणार? म्हणून त्यांनी खिशातून आपलं खरं हत्यार काढलं: हेडलाइटचा बल्ब आणि त्याला डकवलेल्या दोन तारा. बल्ब पिवळट, आजारी पेटला. मग हाताने वायरिंगचा जुडगा इंच इंच हलवत गेले. एका जागी बल्ब विझला. टेप सोलली, तर आत उंदरानं तार कुरतडून चार धागे ठेवलेले. "हे कोनं केलं?" या प्रश्नाला त्या दिवशी पहिल्यांदा खरं उत्तर मिळालं.

तेवढ्याच जाडीची नवी तार, डाग, वरून स्लीव्ह, टेप. 'पाच मिन्टं' म्हणाले होते. साहेबांचा चहा तीनदा झाला. तोवर भोवती जमलेल्या मंडळींनी मोटर, बॅटरी, रॅक आणि सरकार, सगळं बदलायचा सल्ला देऊन टाकला.

हा सगळा तोरा एका ठिकाणी उतरतो. हॉर्न मुका आणि एअरबॅगचा दिवाही पेटलेला, अशी गाडी आली की मिस्त्री गप्प होतात. स्टिअरिंगच्या पोटात चपट्या तारेची गुंडाळी असते. चाकाबरोबर ती उलगडते, मिटते आणि वर्षांनी तुटते. हॉर्न आणि एअरबॅग दोन्हींची वाट तिच्यातूनच. १ जुलै २०१९ पासून भारतात नव्या गाडीत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, तेव्हापासून असं गिऱ्हाईक वाढलं. इथे लाडका बल्ब परत खिशात जातो. "याले बल्ब लावला तं थैली तोंडावर फुटंल ना बे," पोऱ्याला दटावतात. बॅटरीची तार काढायची, थांबायचं, गुंडाळी नवीनच घालायची आणि चाकं सरळ ठेवून बरोबर मध्यावर बसवायची. जोड देणं नाही, उधारीही नाही.

तेव्हा कोणी मिस्त्री बॅटरी न सोडवता स्टिअरिंगमधल्या एअरबॅगच्या पिवळ्या प्लगला हात घालताना दिसला, तर त्याला मधेच थांबवा आणि गाडी परत घ्या. ओळखीचा असला तरी.