पथारीच्या गावातला ड्रायर

ज्या गावात लोक मिरची उन्हात वाळवून पोट भरतात, त्या गावात कपडे वाळवायला विजेचं यंत्र विकत घेणं म्हणजे तापीकाठी राहून पाण्याचा टँकर मागवणं. हल्ली तेही मागवतात म्हणा, पण ते असो.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला नंदुरबारात ओल्या लाल मिरचीच्या गाड्या येऊ लागतात. मिरचीच्या बाजारात गुंटूरच्या पाठोपाठ आमचं नाव घेतात, हे आम्ही पाहुण्याला स्टेशनावरच सांगून टाकतो. मग गावाबाहेरच्या मोकळ्या रानावर पथाऱ्या पसरतात, बायका देठ खुडत बसतात आणि वाऱ्याच्या एका झुळुकीनं अख्खी वस्ती शिंकते. सुकवणीचं बिल सूर्य कधी पाठवत नाही. त्याचा दगाफटका एकच, तो म्हणजे अवकाळी. एका रात्रीत ताडपत्र्या कमी पडतात आणि लाल सोनं काळं पडतं.

अशा गावात आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांनी सुरतेहून ड्रायर आणला. कारणही तसं होतं. घरात नातू जन्मला तो ऐन आषाढात. पूर्वी अशा वेळी शेगडीत निखारे घालून वर बांबूची डाल उपडी घालायचे आणि तिच्यावर लंगोट पसरायचे. ओव्याची धुरीही त्यातच व्हायची. तो आमचा मूळचा ड्रायर. त्याला वॉरंटी नव्हती, पण आजी होती. आता निखारे कोण फुलवणार? म्हणून हे पांढरं धूड आलं, गल्लीनं ते बघितलं, चहा झाला.

पंधरवड्यात यंत्रानं मान टाकली. म्हणजे फिरत होतं छान, तापत मात्र नव्हतं. तासाभरानं लंगोट बाहेर निघायचे ते नुसते गावभर हिंडून आल्यासारखे, गेले तितकेच ओले.

अमेरिकेत 1938 साली बाजारात आलेल्या स्वयंचलित ड्रायरचं नाव ‘जून डे’ होतं. त्यांच्याकडे जून म्हणजे लख्ख ऊन. आमच्याकडे हे नाव लावून कुणी ड्रायर विकायला बसला असता, तर गिऱ्हाईकानं आधी त्याच्या दुकानाच्या पत्र्याकडे बघितलं असतं.

मिस्त्री आला. हा मूळचा मोटार रिवायंडिंगवाला, शहाद्याकडच्या शेतकऱ्यांच्या जळालेल्या पाणबुडी मोटारी भरणारा. ‘काय व्हयनं भो?’ म्हणत त्यानं आधी यंत्राकडे नाही, स्टॅबिलायझरच्या काट्याकडे पाहिलं. काटा 180 वर. मला हा माणूस तिथंच आवडला. हीटरची ताकद दाबाच्या वर्गानं घटते. 230 चे 180 झाले की उष्णता साधारण 61 टक्केच उरते. पण मिस्त्रीचं म्हणणं बरोबर होतं, की कमी दाबानं यंत्र कोमट होईल, असं मढ्यासारखं गार पडणार नाही.

मग प्लग काढून त्यानं मागचं झाकण उघडलं, एकेका भागाच्या वायरी सोडवल्या आणि पिशवीतून सीरिजचा बल्ब काढला. खेड्यापाड्यातल्या मिस्त्र्याचा हा खरा स्टेथोस्कोप. कॉइलला लावला, बल्ब पेटला. 2000 वॅटची कॉइल, जेमतेम 26 ओहमची, धडधाकट. थर्मोस्टॅटला लावला, पेटला. शेवटी करंगळीएवढ्या थर्मल फ्यूजला लावला आणि बल्ब गप्प.

‘डायरेक्ट करी देऊ का?’ मिस्त्री म्हणाला.

या शब्दावर आपला अर्धा देश चालतो. फ्रिजचा थर्मोस्टॅट डायरेक्ट, पंपाचा स्टार्टर डायरेक्ट, साहेबाकडची ओळखही डायरेक्ट. मध्ये जो अडवतो तो काढून टाकायचा. पण हा बिचारा फ्यूज अडवायलाच बसवलेला असतो. आतली हवा कोंडली, उष्णता हद्दीबाहेर गेली की तो स्वतः वितळून वीज तोडतो, एकदाच. त्याला वगळलं तर यंत्र तापेल खरं, पण कोरड्या कापसाच्या ढिगाशेजारी किती तापेल याला धरबंध नाही. वकीलसाहेबांची मान होकारार्थी हलायला लागली होती. वहिनींनी ठाम नाही म्हटलं. लंगोट त्यांच्या नातवाचे होते, डायरेक्टचा धोका वकिली भाषेत समजून घेण्याची त्यांना गरज वाटली नाही.

फ्यूज का उडाला, हा खरा प्रश्न. तो सोडवला भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी. मोसमात त्या पथारीवर जातात. उघड्या यंत्रात डोकावून म्हणाल्या, ‘एवढं गच्च कोंबलंय, हवा कुठून लागंल? मिरची तरी अशी वाळती का? ढीग राहिला तर कुजती, पातळ पसरून वरखाली करावी लागती.’ आणि खरंच, जाळीवर बोटभर जाड कापूस साचला होता, शिवाय वाफ बाहेर नेणारी नळी यंत्र मागे ढकलताना भिंतीशी चेपली होती. एक लिटर पाण्याची वाफ करायला पाऊण युनिटच्या आसपास वीज लागते. ती वाफ बाहेरच पडली नाही तर ती वीज काय नुसती नातवाला ऊब द्यायला?

नवा फ्यूज सुरतेहून मागवला. तो येईपर्यंत माळ्यावरची डाल खाली उतरली होती आणि वहिनींच्या सासूबाईंचा चेहरा उजळला होता, पण त्यावर लिहायला मला बंदी आहे.

तुमच्या घरी असं यंत्र असेल तर दर वेळी जाळी झाडा, नळी मोकळी ठेवा, कपडे आधी नीट पिळून अर्धाच ड्रम भरा. तरीही तापलं नाही तर मिस्त्री बोलवा. तो ‘डायरेक्ट’ म्हणेल. त्याला चहा द्या आणि नाही म्हणा.