हवेस कारणे दाखवा नोटीस

प्रति,
हवा (दाबाखालील),
कायमचा पत्ता : सिलिंडर, दहा मीटर एअर रायफल
हल्लीचा पत्ता : ठाऊक नाही

विषय : पूर्वसूचना न देता जागा सोडून गेल्याबाबत

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, रात्री निजानीज झाली तेव्हा आपण सदर सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने हजर असल्याची नोंद आहे. सकाळी मॅनोमीटरचा काटा ६० वर लोळत पडलेला आढळला. रजेचा अर्ज नाही, निरोप नाही. जाताना निदान फुस्स असा आवाज करायची जनरीत असते, तीही आपण पाळली नाहीत.

मोटारीच्या चाकात आपली भावंडं सव्वादोन बारच्या आसपास सुखानं नांदतात आणि आपल्याला मात्र त्याच्या जवळजवळ नव्वदपट दाटीवाटीत कोंडलं, ही तक्रार आपण कराल याची आम्हांला कल्पना आहे. जरूर करा. पण सरावाला निघालेल्या आमच्या कन्येचं तोंड बघायला आपण नव्हतात. दहा मीटरवरच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. साठ गोळ्या, पंच्याहत्तर मिनिटं. प्रत्येक गोळीमागे आपण मोजूनमापून तेवढाच धक्का द्यायचा, आणि ते माप राखायला आत रेग्युलेटर नेमलेला. त्याला ठरवून दिलेल्या दाबाच्या खाली आपण उतरलात की तोही हात वर करतो. मग गोळ्या खाली बसू लागतात आणि खापर फुटतं पोरीच्या श्वासावर.

२००० साली सिडनीत अंजली भागवत याच प्रकाराच्या अंतिम फेरीत पोचल्या, २०२२ साली कैरोत रुद्रांक्ष पाटील जगज्जेता झाला. त्यामुळे महाराष्ट्रात आपल्याला मागणी वाढली आहे, हे खरं. म्हणून इतका भाव खाऊ नये.

चौकशीत एक मुद्दा आपल्या बाजूनं निघाला, तो नोंदवणं न्यायाचं होईल. भरताना आपण तापता. घाईघाईनं भरलेलं सिलिंडर हाताला चांगलंच गरम लागतं. ४५ अंशांना २०० दाखवणारा काटा, सिलिंडर निवून २७ अंशांवर आलं की, एक बुडबुडाही बाहेर न पडता १८९ च्या आसपास येऊन थांबतो. या अकरा बारांपायी किती निरपराध सिलिंडरं दुरुस्तीच्या टेबलावर चढली असतील कोण जाणे. तेव्हा आमच्या घरी आता भरल्यावर तासभर थांबून मगच आकडा पेन्सिलीनं लिहिला जातो. पण १४० बार काही गारव्यानं जात नाहीत. तेवढ्यापुरता आपला बचाव फेटाळण्यात येत आहे.

पुढची पायरी म्हणजे संशयितांची फारकत. सिलिंडर पुन्हा भरलं, रायफलीपासून सोडवलं आणि रात्रभर फडताळात एकटं ठेवलं. सुटं झालं की त्याची स्वतःची झडप मिटते. सकाळी काटा जागच्या जागी. म्हणजे आपण सिलिंडरातून नव्हे, त्याच्याशी जोडलेल्या रायफलीतून पसार होत होतात. मग सिलिंडर पुन्हा जोडलं आणि गोळी न घातलेल्या रायफलीच्या नळीच्या तोंडावर वाढदिवसाचा उरलेला फुगा बसवला. गोळीला हवा सोडणारी आतली झडप गळत असती, तर तो हळूहळू फुगला असता. फुगा सुतकी चेहऱ्यानं लोंबत राहिला. झडप निर्दोष. रेग्युलेटरच्या बाजूला बारीक भोक असतं, त्यातून श्वास येत असेल तर रेग्युलेटरची आतली रिंग गेली समजायचं. तिथेही शुकशुकाट.

शेवटी वाटीभर साबणाचं पाणी आणि चित्रकलेचा ब्रश. सिलिंडर जिथे फिरवून बसवतात त्या मानेपाशी ब्रश टेकवला आणि बघत बसलो. बराच वेळ काही नाही. मग फटीच्या एका बाजूला मोहरीएवढा बुडबुडा उगवला, फुगला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा आला. सापडलात.

दरम्यान साक्षीदारांच्या जबान्या न बोलावता झाल्याच. प्लंबरचं म्हणणं, दोन वेढे टेफ्लॉन टेप मारा. अहो, इथे आटे फक्त धरून ठेवायला आहेत, हवा अडवायचं काम आतल्या रबरी रिंगचं; टेपचे तुकडे मात्र झडपेत जाऊन बसतील. शेजारी एमसील घेऊनच आले. त्यांना चहा देऊन परत पाठवलं. रेंजवरच्या एका जाणत्यानं पान्यानं आवळायला सांगितलं, म्हणजे आधी रिंग कापायची आणि मग गळतीबद्दल हळहळायचं. आणि मामांनी फोनवर सांगितलं, खोबरेलाचा एक थेंब सोड, रबर मऊ राहतं. हा सल्ला हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एवढ्या दाबाची हवा झटक्यात दाबली गेली की इतकी तापते की तेल पेट घेऊ शकतं. खोबरेल केसांना लावावं.

आपल्याला अडवते ती ओ-रिंग. १९३९ साली नील्स क्रिस्टेन्सन यांना अमेरिकेत तिचं पेटंट मिळालं. त्याआधी, १७८० च्या सुमारास, ऑस्ट्रियाच्या सैन्यात जिरार्दोनीची हवेवर चालणारी बंदूक होती. तिच्या टाकीला चामड्याची चकती. चामडं वाळलं की आपले पूर्वज बाहेर, म्हणून शिपायानं ते ओलं राखायचं. टाकी पुन्हा भरायची तर पंपाचे सुमारे दीड हजार दट्टे मारायचे. ओ-रिंगची खुबी निराळी. ती खाचेत जराशी दबून बसते आणि आपणच तिला रेटून फटीवर घट्ट बसवता. जितका जोर आपण लावाल, तितकं दार अधिक पक्कं. म्हणूनच काही रायफली २०० ला गप्प असतात आणि दाब उतरल्यावर गळायला लागतात. मालक बिचारा भरलेल्या सिलिंडरवर साबण लावून बसलेला असतो.

आमची रिंग सिलिंडर काढून, रायफलीत अडकलेली हवा उडवून मगच हात लावून पाहिली. स्वतःची झडप असलेल्या सिलिंडरखेरीज कुठलाही जोड दाब असताना उघडू नये, हे वाक्य या नोटिशीत गंमत म्हणून घातलेलं नाही. रिंग खाचेतून काढायला टोकदार सुई नव्हे, दात कोरायची काडी घेतली. खाचेला ओरखडा गेला की नवी रिंगही काही करू शकत नाही. भिंगाखाली धरल्यावर दिसलं ते असं : रिंगवर आडवी पडलेली केसासारखी वळी आणि खाचेत त्याच जागी रुतलेला सुती धागा. पांढरा, जुन्या बनियनचा असावा. मागच्या सर्व्हिसिंगला रायफल ज्या कारागिराकडे होती तो फडकं म्हणून काय वापरतो, ते आम्ही पाहिलेलं आहे. नाव घेत नाही, पुन्हा त्याच्याकडेच जायचंय.

भोसरीला हायड्रॉलिकचं सामान विकणाऱ्यानं काळ्या रिंगांचा अख्खा खण पुढे ओतला आणि म्हणाला, ‘घ्या, सगळ्या सारख्याच.’ सारख्या नसतात. आतला व्यास जुळला तरी रबराची जाडी वेगळी, जाडी जुळली तरी कडकपणा ७० शोर की ९० शोर, हा प्रश्न उरतोच. व्हर्निअर घेऊनच गेलो होतो. कटिंग चहापेक्षा स्वस्त वस्तू, आणि तिच्यावर अडून बसलेली लाखांची रायफल. सिलिकॉन ग्रीस लावलं तेही रिंग फक्त चकाकेल इतपतच. सिलिंडर हातानंच बसवलं. पाना खोक्यात आहे, त्याला त्याची जागा आवडू लागली आहे.

सबब, आपणांस आदेश देण्यात येतो की, आज रात्री सदर जागी पूर्ण दाबाने हजर राहावे. रविवारी जिल्हा स्पर्धा आहे. पुन्हा गैरहजर आढळल्यास आपणांस हातपंपाने ओढून आणण्यात येईल. पंप मारायचं काम घरात माझ्याकडे आहे, त्यामुळे ही धमकी नेमकी कुणाला, हे आपण विचारू नये.

आपला,
निशाणेबाजाचा बाप

ता. क. : आपल्या सिलिंडरवर वापराची दहा वर्षांची मुदत कोरलेली आहे आणि ती पुढच्या मार्चमध्ये संपते. स्पर्धेच्या तपासणीत मुदतबाह्य सिलिंडर चालत नाही, तेव्हा घर तर बदलावंच लागणार. नव्या सिलिंडरची किंमत विचारली आहे. ती ऐकून या वेळी फुस्स असा आवाज आमच्याकडून झाला.