देव खाली, भक्त वर

मार्चमध्ये हिमालयातल्या तुंगनाथाच्या देवळाचे दार बंद असते. हिवाळ्यासाठी देवाची डोली खाली मक्कूमठला गेलेली असते, ती उन्हाळा लागल्यावरच परतते. सुमारे ३,६८० मीटरवर थंडीत कुडकुडण्यात अर्थ नाही, हे महादेवालाही कळते; आणि तो तर हिमालयाचा जावई! आमची पुण्या-मुंबईची मंडळी मात्र नेमकी तेव्हाच पायथ्याच्या चोपत्याला पोचतात. ‘हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढलोय हो आम्ही!’ असे वाटाड्याला ऐकवतात. त्या बिचाऱ्याला हरिश्चंद्रगड कुठला ठाऊक? त्याला ठाऊक एवढेच, की दिवसा वितळलेला बर्फ रात्री गोठतो आणि पहाटे फरसबंद वाटेची काच होते. म्हणून तो बुटांना बांधायचे लोखंडी काटे पुढे करतो. त्यांचे भाडे ऐकून हजारोंचे जॅकेट घातलेले गृहस्थ घासाघीस सुरू करतात. काट्यांवाचून निघतातही, कारण देवळावरच्या चंद्रशिला शिखरावरून सूर्योदय पाहायचाच असतो, निदान त्यासमोर फोटो काढायचा असतो. दुपारी उतरताना तोच बर्फ भुसभुशीत होऊन पाय गुडघ्यापर्यंत गिळतो, तेव्हा काठी, वाटाड्या आणि महादेव तिघेही एकदम आठवतात. पैकी वाटाड्या तेवढा जागेवर असतो. हात धरून खाली उतरवण्याचे पैसे मात्र आता तो सांगेल ते.